थंडीत बाहेर फोटो काढायचे, तर कमी पैशांत हातमोजे कोणते घ्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहाटे किंवा रात्री, तापमान शून्याच्या आसपास किंवा त्याखाली असताना, दोन-तीन तास बाहेर उभं राहून फोटो काढायचे आहेत. साधे लोकरीचे मोजे घातले की कॅमेऱ्याची बटणं सापडत नाहीत, आणि काढले की दहा मिनिटांत बोटांची लाकडं होतात. खास ‘फोटोग्राफीचे’ म्हणून विकले जाणारे मोजे खिशाला परवडत नाहीत. मग काय घ्यावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. सगळं काही करणारा एकच मोजा शोधणं सोडून द्या. दोन साधे मोजे घ्या. एक आतला, पातळ आणि अंगाबरोबर बसणारा, जो फोटो काढतानाही हातातच राहील. दुसरा बाहेरचा, जाड आणि ढगळ, शक्यतो मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत. हा मोजा क्षणात काढता यायला हवा आणि काढला तरी मनगटाला लोंबकळत राहायला हवा.

आपण हातमोजे निवडतो ते शटर दाबायच्या क्षणाचा विचार करून. तो क्षण जेमतेम काही सेकंदांचा असतो. बाकी सगळा वेळ आपण थांबलेले असतो. उजेड येण्याची, पक्षी मान वळवण्याची, तिसाव्या एक्स्पोजरची वाट बघत. हात गार पडतात ते त्या थांबण्यात. थांबण्याच्या वेळेत हात खरोखर गरम राहिला, तर पातळ मोज्यातला एखादा मिनिट तो आरामात सोसतो. मी पहिल्या हिवाळ्यात नेमकं उलटं केलं होतं. मध्यम जाडीचा, ‘दोन्ही कामं करणारा’ एक मोजा घेतला. त्यात ना बोटं गरम राहिली, ना डायल फिरला. बॅटरी बदलताना ती बर्फात पडली आणि ती चाचपडून शोधण्यासाठी शेवटी मोजा काढावाच लागला.

बोटं सगळ्यात आधी का गारठतात हे कळलं की निम्मी खरेदी सोपी होते. शरीराला थंडी जाणवली की ते हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त धडाकडे ठेवतं. बोटं म्हणजे बारीक नळकांडी. वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ती भराभर उष्णता गमावतात. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब स्नायुरज्जूंनी बोटं ओढतात. मनगट आणि त्यावरचा हात गार पडला की बोटं गरम मोज्यात असूनही वळत नाहीत. त्वचेच्या तपमानाने साधारण १५ अंशांची पातळी ओलांडून खाली यायला सुरुवात केली की बारीक कामातली सफाई जाऊ लागते. ८ अंशांच्या आसपास स्पर्शही बोथट होतो. मग बोट बटणावर आहे की बटणाशेजारी, हेच कळत नाही.

म्हणून मोज्याची मनगटाची बाजू लांब हवी, जॅकेटच्या बाहीखाली किंवा बाहीवर नीट जाणारी. आखूड मनगटाचा मोजा कितीही जाड असला तरी मी घेत नाही. घरी आखूडच मोजे असतील तर जुन्या लोकरी पायमोज्याचा पंजा कापून टाका आणि उरलेली नळी मनगटावर चढवा. हा जुगाड दिसायला गबाळा आहे, पण नवीन मोज्यांइतका फरक पाडतो.

आता आतला मोजा. इथे लोकर, त्यातही मेरिनोसारखी बारीक धाग्याची लोकर, मला सगळ्यात पसंत आहे. ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते आणि तरीही अगदीच गार लागत नाही. तोटा एवढाच की कॅमेऱ्याच्या खरखरीत ग्रिपवर तिची टोकं लवकर झिजतात. पॉलिएस्टरचे पातळ मोजे स्वस्त असतात, लवकर वाळतात आणि जास्त टिकतात, म्हणून खर्च आवरायचा असेल तर तेच घ्या. पण एका जोडीवर थांबू नका, दोन घ्या. दीड-दोन तासांनी घामाने आणि श्वासाच्या वाफेने आतला मोजा दमट होतो. खिशातली कोरडी जोडी चढवली की हात पुन्हा ताजे होतात. एवढ्या पैशांत एवढी ऊब दुसऱ्या कशानेही मिळत नाही. सुती मोजे मात्र चुकूनही नकोत. सूत भिजतं आणि भिजलेलंच राहतं. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला सुती मोजा घालण्यापेक्षा उघडा हात खिशात घातलेला परवडला.

आतल्या मोज्याचं मुख्य काम खरं तर ऊब देणं नाही, कातडी आणि धातू यांच्यात आडपडदा धरणं आहे. ॲल्युमिनियम लाकडाच्या जवळजवळ हजारपट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे तपमान तेच असलं तरी लाकडी कठडा नुसता गार लागतो आणि ट्रायपॉडचा पाय चावतो. पातळ कापडाचा एक थरही हा चावा बराच कमी करतो. दुसरा उपाय धातूच झाकण्याचा. पाण्याच्या नळ्यांवर चढवतात तो फोमचा पोकळ पाइप आणा, उभा चिरून ट्रायपॉडच्या वरच्या पायांवर चढवा आणि चिकटपट्टीने बांधून टाका. हे केल्यापासून ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालतानाची कुरकुर संपली. माझी तरी.

बाहेरच्या मोज्यात मी पहिलं बघतो ते वारा अडतो की नाही. जाडी त्यानंतर. विणलेला मोजा कितीही जाडजूड असो, वारा त्याच्या भोकांतून आरपार जातो आणि आत साठलेली गरम हवा घेऊन निघतो. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राने हिशेब केला, तर उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असताना उघड्या कातडीला साधारण उणे २० इतकी थंडी जाणवते. विणलेल्या मोज्यातल्या हाताची गत फार वेगळी नसते. (कॅमेऱ्याला मात्र वाऱ्याने हवेपेक्षा जास्त थंडी लागत नाही. तो लवकर गार होतो, पण हवेच्या तपमानाखाली जात नाही.) मोजा तोंडासमोर धरून जोरात फुंका. पलीकडे हवा लागली की तो परत ठेवा.

बोटांचा जाड मोजा की मिटन? थांबून राहायचं असेल तर मिटन, यात मला शंका उरलेली नाही. बारीक नळकांड्याभोवती थर वाढवत गेलं की बाहेरचा पृष्ठभागही वाढत जातो, म्हणून एका मर्यादेनंतर जाडी वाढवूनही बोटाला तितका फायदा मिळत नाही. वर चार बोटं एकमेकांना ऊब देण्याऐवजी चार वेगळ्या खोल्यांत बसतात. मिटनमध्ये ती एकत्र असतात. पातळ आणि स्वस्त मिटनही अनेकदा महागड्या बोटांच्या मोज्यापेक्षा गरम वाटतो, तो याच कारणाने.

टोपण मागे दुमडून बोटं उघडी करता येणारे मिटन फोटोग्राफरांना फार आवडतात. वाईट नाहीत, पण त्यांच्या टोपणाच्या फटीतून वारा शिरतो, आणि स्वस्तातले बहुतेक नुसते विणलेले असतात. शांत हवेत, आतल्या पातळ मोज्यावर ते छान चालतात. टोपण वेल्क्रोने चिकटणारं असेल तर प्राण्या-पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी विचार करावा. पहाटेच्या शांततेत वेल्क्रोचा ‘खर्र’ आवाज किती लांब जातो हे एकदा हरीण पळालं की कळतं. चुंबकाचं टोपण बिनआवाजी असतं, फक्त होकायंत्र त्याच्याजवळ आणू नका. अर्ध्या बोटांचे मोजे मी शून्याच्या बऱ्याच वर, झटपट कामापुरतेच वापरतो. नेमकी जी टोकं आधी गारठतात तीच उघडी ठेवणं मला पटत नाही.

स्वस्तात मिळवायचे कुठून, तर माझं बोट कामगारांच्या हातमोज्यांकडे आहे. शीतगृहात, मासेमारीत, हिवाळ्यातल्या बांधकामावर वापरले जाणारे मोजे रोज आठ-आठ तास मार खाण्यासाठी बनवलेले असतात, आणि त्यावर छंदाचा शिक्का नसल्याने किंमत वाजवी असते. त्यात दोन प्रकार आपल्या कामाचे. पहिला, आत ब्रश केलेलं उबदार विणकाम आणि तळव्यावर रबराचा किंवा लॅटेक्सचा लेप असलेला. पकड इतकी घट्ट की ओली लेन्सही निसटत नाही. दुसरा, आत अस्तर असलेला चामडी किंवा वारारोधक मिटन. युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेल्या मोज्यांवर हिमकणाचं चित्र आणि ‘ईएन ५११’ असं लिहिलेलं असतं, खाली तीन आकडे असतात. पहिला हवेच्या थंडीसाठी, ० ते ४. दुसरा गार वस्तूला हात लावल्यावरच्या थंडीसाठी, तोही ० ते ४. तिसरा पाण्यासाठी, ० किंवा १. आकड्याच्या जागी फुलीसारखं अक्षर असेल तर ती चाचणी झालेलीच नाही. फोटोग्राफरने दुसऱ्या आकड्याकडे आधी बघावं, कारण आपल्या हातात सतत गार धातू असतो. जाहिरातीत लिहिलेल्या ‘उणे ३० पर्यंत’ वगैरे दाव्यांपेक्षा हे तीन आकडे मला जास्त भरवशाचे वाटतात. चालणाऱ्या माणसाचं उणे ३० आणि ट्रायपॉडमागे खांबासारख्या उभ्या माणसाचं उणे ३० यांत फार अंतर आहे.

थिन्सुलेटसारख्या अस्तराबरोबर ४०, १००, १५० असे ग्रॅमचे आकडे येतात. ते वजन एका चौरस मीटर अस्तराचं असतं, अख्ख्या मोज्याचं नाही. उभं राहण्याच्या कामासाठी १०० च्या खाली जाऊ नका. बऱ्याच मोज्यांत जास्त अस्तर हाताच्या पाठीकडे आणि कमी तळव्याकडे घातलेलं असतं. पकडीसाठी ते बरंच आहे, पण हे माहीत असावं.

जलरोधक म्हणवणाऱ्या स्वस्त मोज्यांची एक खोड सांगतो. आत प्लास्टिकची पातळ पिशवी आणि अस्तर नुसतं सोडलेलं असतं, बोटांच्या टोकांना शिवलेलं नसतं. दमट हात बाहेर काढला की अस्तर उलटं होऊन हाताबरोबर येतं, आणि मग अंधारात ती पाच बोटं परत आपापल्या जागी बसवणं म्हणजे शिक्षा. आपल्या कामात तर मोजा दर पाच मिनिटांनी काढायचा. दुकानातच हात थोडा ओला करून दोन-तीनदा घालून काढून बघा. विक्रेता बघत राहिला तर राहू दे.

मापाबद्दल. अंगठा सोडून, तळव्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती फीत गुंडाळा. १७८ मिलिमीटर म्हणजे ७ नंबर, २०३ म्हणजे ८, २२९ म्हणजे ९, २५४ म्हणजे १०. आतला मोजा तुमच्याच मापाचा घ्या, टोकाला कापड लोंबता कामा नये. ते अर्ध्या सेंटीमीटरचं लोंबणंच शटरचा अर्धा दाब (फोकससाठी बटण अर्धंच दाबणं) घालवतं. बाहेरचा एक नंबर मोठा घ्या आणि आतला घालूनच बघा. मूठ घट्ट वळल्यावर सांध्यांवर ताण आला तर तो लहान आहे. आवळलेल्या मोज्यात अस्तर दबतं, त्यातली हवा जाते, आणि रक्तही नीट फिरत नाही. घट्ट मोज्यात हात गारठतात तेव्हा लोक ‘मोजा पातळ आहे’ म्हणून आणखी जाड घेतात, तो आणखी घट्ट होतो.

आणि दोन्ही हातांना सारखा मोजा हवा, असं कुठे लिहिलंय? उजव्या हाताला बटणं, डायल, शटर सांभाळायची असतात. डावा हात लेन्सखाली टेकू देतो आणि फार तर झूमची कडी फिरवतो. डाव्या हातात मी लेप असलेला जाड कामगारी मोजा घालतो आणि उजव्यात पातळ मोजा, त्यावर मिटन. ही युक्ती सुचायला मला तीन हिवाळे लागले. तळहातभर रुंद कडी जाड रबरी तळव्याने उलट चांगली फिरते. उजवा हात गरम ठेवण्यावरच मग सगळं लक्ष देता येतं.

उजव्या तर्जनीचं टोक उघडं हवंच असेल तर फ्लीसचा (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा) जुना मोजा घेऊन फक्त तेवढं टोक कात्रीने छाटा. फ्लीस कापल्यावर उसवत नाही. विणलेला लोकरी मोजा मात्र कापला की धागा सुटत सुटत मनगटापर्यंत येईल.

मिटन काढला की तो वाऱ्यावर जातो किंवा बर्फात पडून आतून भरतो. म्हणून मनगटाला इलॅस्टिकचा फास हवाच. मोज्याला तो नसेल तर स्वतः शिवा. किंवा लहान मुलांना करतात तसं करा. लांब दोरीच्या दोन टोकांना दोन मिटन बांधा आणि दोरी जॅकेटच्या बाह्यांतून पाठीमागून ओवा. पहिल्यांदा लाज वाटली. आता वाटत नाही.

ओल्या बर्फाच्या किंवा पावसाच्या दिवशी मी आतल्या मोज्याच्याही आत पातळ नायट्रिलचा मोजा घालतो, डॉक्टर तपासताना घालतात तसा. वारा आणि पाणी दोन्ही अडतात, जाडी जवळपास शून्य. पण घाम आतच साठतो आणि मोजा काढल्यावर हात झटकन गार पडतात, म्हणून हा उपाय तासाभराच्या कामापुरता. निओप्रिनचे (फोमसारख्या रबराचे) मासेमारीचे मोजेही भिजण्याच्या दिवशी चांगले. कोरड्या थंडीत त्यांचा उपयोग नाही, आत घामाचं डबकं होतं.

टचस्क्रीनवर चालणारे मोजे घेण्यासाठी जास्त पैसे देऊ नका. त्यांच्या टोकात वीजवाहक धागा असतो, तो झिजला किंवा धुऊन गेला की पडदा प्रतिसाद देईनासा होतो. त्यापेक्षा पडद्याची गरजच पडणार नाही अशी कॅमेऱ्याची मांडणी घरी करून निघा. दोन-तीन सेटिंग डायलवरच्या साठवणीच्या खुणांवर ठेवा, म्हणजे डायल फिरवला की ती आपोआप लागतील. फोकस शटरवरून काढून मागच्या बटणावर द्या, म्हणजे अर्ध्या दाबाचा प्रश्नच मिटतो. जाड मोज्यात तो अर्धा दाब कधीच सापडत नाही. दाबावा तर थेट फोटो निघतो. ट्रायपॉडवर असाल तर केबल किंवा रिमोट घ्या आणि हात मिटनमध्येच राहू द्या. ताऱ्यांचे फोटो काढताना मी इंटरव्हल लावून, म्हणजे ठराविक वेळाने कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायला लावून, दोन्ही हात काखेत घालून उभा असतो. मेमरी कार्ड रिकामं आणि मोठं घालून निघा. मायक्रो कार्ड तर फक्त १५ बाय ११ मिलिमीटरचं असतं, मोज्यात ते काढता येत नाही आणि पडलं तर सापडत नाही.

गरम पुड्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. एकदा वापरायच्या पुडीत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा आणि थोडं पाणी असतं. लोखंड हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं आणि त्या गंजण्याची उष्णता आपल्याला मिळते. म्हणून घट्ट बंद, हवा न शिरणाऱ्या मोज्यात ती कोमट पडते. बाहेर काढून हलवली की पुन्हा तापते. तासाभरात काम आटोपलं तर तीच पुडी हवा काढून झिपच्या पिशवीत बंद करा, उरलेली ऊब पुढच्या वेळी कामी येते. पुडी तळव्यावर ठेवू नका, तिथे ती पकडीत येते. हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला, आतल्या मोज्याच्या वर ठेवा. उघड्या कातडीवर कधीच नको. बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. पुन्हा वापरता येणाऱ्या, आतली चकती दाबली की घट्ट होणाऱ्या सोडियम ॲसिटेटच्या पिशव्या साधारण ५४ अंशांना तापतात आणि उकळत्या पाण्यात ठेवल्या की परत तयार होतात. पैसे वाचतात, पण ऊब लवकर संपते. बॅटरीवर तापणारे मोजे तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत आणि बसवायची गरजही नाही.

हात गारच पडले तर खांद्यापासून हात गोल गोल, जोरात फिरवा, रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. दहा-बारा फेऱ्यांत फरक कळतो. टोपी विसरू नका, आणि सिगारेट ओढत असाल तर निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं हे ध्यानात ठेवा. बोट पांढरं, मेणासारखं दिसायला लागलं आणि दुखायचंही थांबलं, तर फोटो सोडा. चोळू नका, शेकोटीवर धरू नका. काखेत धरा, आडोशाला जा आणि पुन्हा गारठणार नसाल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. संवेदना परतली नाही तर डॉक्टर गाठा. साध्या थंडीतही ज्यांची बोटं वारंवार पांढरी-निळी होतात त्यांनी मोजे घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.

खरेदी झाली की लेबलं लगेच तोडू नका. घरात दिवे बंद करा, आतला मोजा आणि मिटन घालून उभे राहा. मिटन काढा, लोंबकळू द्या. कॅमेरा चालू करा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) बदला, फोकसचं बटण शोधा, बॅटरी काढून खिशातली दुसरी घाला, लेन्सचं झाकण बसवा, मिटन परत चढवा. मी हे डोळे मिटून दहा वेळा करतो. बॅटरीचं दार तीनदा चाचपडल्यावरही उघडलं नाही, तर आतला मोजा जाड आहे किंवा मोठा आहे. तो बदलून आणा.